नजमुद्दीनच्या वाडीतली परांची

जुनेराचा निकाह झाला ते साल दोन हजार तेवीस. जानेवारीत झाला, आणि श्रीवर्धनात त्याची आठवण आजही निघते ती जेवणावरून. घरातल्या थोरलीच्या निकाहला प्लास्टिकचं ताट दिसता कामा नये, असं तिच्या आईने, अख्तरुन्निसाने, आदल्या पावसाळ्यातच जाहीर करून टाकलं होतं. तिने पाहुण्यांना जेवायला विऱ्या मांडल्या. पोफळीची झावळी गळून पडते तेव्हा तिच्या बुडाशी चामड्यासारखं जाड, रुंद पान असतं, तीच विरी. अख्तरुन्निसा सगळा पावसाळा वाडीत फिरून या विऱ्या वेचायची. उन्हात टाकलेली विरी तडकते, म्हणून मागच्या पडवीत, सावलीला, भिंतीशी उभ्या करून त्या हळूहळू वाळवायची. कामाला काढायच्या आदल्या संध्याकाळी पाण्यात बुडवायची, की सकाळपर्यंत मऊ पडतात. मग कापून, दाबून, त्यांची ताटं करायची. निकाहला शंभरावर माणूस जेवलं आणि तरी थोड्या न भिजवलेल्या विऱ्या उरल्या. त्या तिने पडवीच्या आढ्याला बांधून ठेवल्या. ती काही फेकणारी बाई नव्हती.

त्या निकाहला नवरीच्या बापाची, नजमुद्दीनची, छाती फुगलेली होती, पण खरं सांगायचं तर ती थोरलीपेक्षा धाकटीने जास्त फुगवली होती. धाकटी महनूर पुण्याच्या एका मोठ्या संस्थेत पीएचडी करत होती. मांडवात येईल त्या पाहुण्याला नजमुद्दीन आधी जावई दाखवायचा आणि लगेच धाकटीकडे बोट करायचा. “ही माझी महनूर. पेशीतली परांची शिकते.”

पाहुणा मान हलवायचा. परांची कुणाला ठाऊक नसते? इमारत बांधताना भोवती लोखंडी पाइपांचा सांगाडा उभारतात, तीच परांची. नजमुद्दीनची उमर त्यातच गेली होती. कुवेतला, आधी हाताखालचा गडी म्हणून आणि मग मुकादम म्हणून, त्याने टाक्यांना, बुरुजांना, धक्क्यांना परांच्या बांधल्या. टीव्हीवर एखादी उंच इमारत दिसली की तो अजूनही आधी विचारायचा, हिची परांची कोणी बांधली असेल? इमारत सगळे बघतात, परांची उतरली की तिचं नावही राहत नाही, असं त्याला मनातून लागून राहिलं होतं. बोलून दाखवायचा नाही. पण आपली पोर नेमकी परांचीच शिकायला लागली, म्हटल्यावर त्याला कुणीतरी उशिरा का होईना, पगारवाढ दिल्यासारखं वाटलं.

ते कसं झालं ते सांगायला हवं. वीस सालच्या जूनमध्ये वादळ आलं आणि दिवेआगर-श्रीवर्धनच्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या. नजमुद्दीनच्या वाडीतल्या विहिरीजवळच्या तीस-चाळीस जुन्या पोफळी तेवढ्या वाचल्या. बाकीच्या खोडांचे ओंडके वर्षभर तसेच पडून होते. नवी रोपं लावली, पण कुजणारे ओंडके कोण उचलणार? पुढच्या पावसाळ्यात महनूर घरी होती. एका सकाळी ती विहिरीकडच्या ओंडक्यांशी गुडघ्यावर बसलेली नजमुद्दीनला दिसली. ओंडक्यावर हळदीसारखं पिवळं काहीतरी पसरलं होतं, शिरा-शिरांचं, पंख्यासारखं.

“बुरशी हाय ती,” नजमुद्दीन म्हणाला. “हात नको लावू, सुपारीला लागंल.”

“बुरशी नाही, अब्बा. स्लाइम मोल्ड म्हणतात. ही एक पेशी आहे.”

“एवढी?”

“एवढी. ताटाएवढी झाली तरी पेशी एकच. आत लाखो केंद्रकं, पण मधे भिंत म्हणून नाही.”

“भिंत न्हाय तर उभी कशी राहते?”

“उभी नाही राहत, पसरते, सरकते. पण हिची दोन आयुष्यं आहेत. उपाशी पडली की ही बारीक बिया धरते. त्यातून डोळ्याला न दिसणाऱ्या सुट्या पेशी निघतात. भोवती पाणी झालं की त्यांना शेपट्या फुटतात आणि त्या पोहतात. पुढे त्यांच्यातल्या दोन एकमेकींत मिसळल्या की पुन्हा हे पिवळं. त्या सुट्या पेशींच्या अंगात नळ्या असतात. नळ्यांनीच त्यांना आकार येतो. शेपटीतही नळ्याच. गरज पडली की उभारायच्या, काम झालं की सोडवायच्या, सुटे झालेले तुकडे दुसरीकडे जोडायचे.”

नजमुद्दीनने हातातला कोयता खाली ठेवला. “अगो, ही तर परांची.”

महनूर हसली, आणि मग हसायची थांबली. “हो,” ती म्हणाली. “परांचीच.”

त्या दिवशी बापलेक दुपारच्या जेवणापर्यंत ओंडक्याशी बसून राहिले. नळी ज्या तुकड्यांची बनते त्याला ट्युब्युलिन म्हणतात, हे तिने सांगितलं. तुकडे दोन जातींचे, अल्फा आणि बीटा, नेहमी जोडीने बसणारे. पण अल्फा बनवायचं जनुक एकच नाही आणि बीटाचंही नाही. बीटाचं एक जनुक सुट्या पेशीच्या आयुष्यात कामाला लागतं, दुसरं पिवळ्या आयुष्यात, आणि एक दोन्हीकडे राबतं. जनुकातला मजकूरही सलग नसतो, मधे मधे बिनकामाच्या पट्ट्या असतात. पेशी त्या कापून काढते आणि कामाचे तुकडे एकमेकांना जोडते.

“कपलर लावून,” नजमुद्दीन म्हणाला.

“कपलर लावून.”

“आणि पाइप दोन जातींचे, ते आमच्याकडेपण. दर्यात धक्क्याला परांची बांधायची तर जस्त चढवलेला पाइप. वाळवंटात साधा. गोदाम एकच. स्टोअरकीपर साइट बघतो आणि त्याप्रमाणे माल काढतो.” तो थोडा विचारात पडला. “तुमच्या पेशीत स्टोअरकीपर कोण?”

“तेच मला शोधायचंय, अब्बा.”

तिने ते पिवळं ओट्सच्या दाण्यांवर पोसत पुण्याला नेलं. त्या दिवसापासून नजमुद्दीनच्या तोंडी दुसरा विषय राहिला नाही. त्याचा जुना सोबती कृष्णाजी दोन घरं टाकून राहायचा. दोघे मिळून वाडी करायचे, पोफळीवर कृष्णाजी चढायचा आणि खाली नजमुद्दीन बडबडायचा.

“नजूभाय,” कृष्णाजी वरून म्हणायचा, “पोरगी डाक्टर झाली की ताप आल्यावर तिच्याकडं जायचं काय?”

“तापाला न्हाय. तुझ्या पेशीतली परांची कलली की ये.”

“ती कधीच कललीय. तुझं ऐकून ऐकून.”

निकाह झाला, पाहुणे गेले, आणि त्या उन्हाळ्यात महनूरचा फोन नेहमीपेक्षा कमी येऊ लागला. आला तरी ती आईशी बोलून ठेवून द्यायची. शेवटी एका जुम्म्याला नजमुद्दीनने नमाजवरून आल्या आल्या स्वतःच फोन लावला आणि तिच्याकडून सगळं काढून घेतलं.

तिला वाडीतल्या पिवळ्यात एक नवं दिसलं होतं. पिवळ्या आयुष्याचं बीटा जनुक पेशी अजून सुटी असतानाच जागं होत होतं, म्हणजे अगदी आधी. आजवर कुणी पाहिलेल्या जातींत ते एवढ्या लवकर जागं झालेलं नव्हतं.

“मग चांगलंच हाय की,” नजमुद्दीन म्हणाला. “मुकादम शहाणा असला तर पुढच्या साइटचे पाइप आधीच मागवून ठेवतो. मी ठेवायचो.”

“अब्बा, मासिकाला लेख पाठवला तेव्हा ज्यांनी तो तपासला ते म्हणतात, तुमच्या सुट्या पेशींच्या बाटलीत थोडं पिवळं मिसळलं असेल. मिसळलं असेल तर असंच दिसणार. मग मला सापडलं काहीच नाही, नुसती बाटली घाण होती.”

“होती काय घाण?”

“नाही. पण माझ्या म्हणण्याने काय होतं? तीच जात त्याच जागेवरून नव्याने आणायची आणि सगळं पहिल्यापासून करून दाखवायचं. दुसऱ्या माणसाच्या देखत. तसं झालं तर ते राहील. नाहीतर प्रबंधातून ते प्रकरणच काढायचं. दोन वर्षांचं काम.”

“दुसरा माणूस कोण?”

“जयमाला मॅडम. माझ्या गाइड. जुलैत स्वतः येतायत वाडीत.”

नजमुद्दीन एकदम ताठ बसला. “आपल्या घरी? प्रोफेसर?”

“हो. पण अब्बा, काही करू नका. वाडी आहे तशीच राहू द्या.”

हे ती दोनदा म्हणाली. नजमुद्दीनने ते दोन्ही वेळा ऐकलं. पण श्रीवर्धनात आजवर असा पाहुणा झालेला नाही जो येण्याआधी ‘काही करू नका’ म्हणत नाही. जावयाकडचेही तसंच म्हणाले होते, आणि मग तीन तऱ्हेची बिर्याणी लागली होती. पाहुण्याने म्हणायचं असतं आणि यजमानाने ऐकून न ऐकल्यासारखं करायचं असतं. नजमुद्दीन हसून “बरं बरं” म्हणाला आणि फोन ठेवताच चपला पायात सरकवून कृष्णाजीकडे गेला.

“कृष्णा, प्रोफेसर येतेय. वाडी नवरीसारखी दिसली पायजे.”

दोघांनी ती तशी केली. कुजलेले ओंडके ओढून काढले आणि समुद्राकडच्या पडीक जमिनीत नेऊन टाकले. पालापाचोळा झाडला. सुपारीला पावसात कोळेरोग लागतो, घोस काळे पडून गळतात, म्हणून वाडीवाले घोसांवर मोरचूद आणि चुन्याचं पाणी मारतात. ते यांनी मारलंच. पण पाणी उरलं, आणि नजमुद्दीनच्या मनात आलं, मॅडमला कुठे रोगाचं नाव दिसायला नको. मग त्यांनी ते बुंध्यांना मारलं, विहिरीकडच्या जमिनीवर मारलं, जिथे जिथे ओल होती तिथे मारलं. सगळी वाडी फिकट निळी झाली.

“आता कशी दिसते?” नजमुद्दीनने विचारलं.

कृष्णाजी कमरेवर हात ठेवून उभा राहिला. “जयंतीला आमचा हॉल दिसतो तशी,” तो म्हणाला. त्याच्या तोंडून यापेक्षा मोठी तारीफ निघत नसे.

जयमाला मॅडम जुलैच्या मध्यावर आल्या. साध्या होत्या, पायात रबरी बूट, खांद्याला पिशवी. अख्तरुन्निसाने सरबत पुढे केलं, त्यांनी उभ्या उभ्या प्यायलं. नजमुद्दीन पुढे होऊन त्यांना वाडीत घेऊन गेला. फाटक उघडून तो बाजूला झाला आणि महनूरच्या तोंडाकडे पाहू लागला, कारण तिच्या तोंडावरची खुशी त्याला चुकवायची नव्हती.

महनूर फाटकातच थांबली. खाली वाकून तिने जमिनीवर बोट फिरवलं आणि निळं बोट वर धरलं.

“अब्बा, हे काय?”

“मोरचूद. कोळेरोगाचं. मारलं सगळीकडं, काय बाकी ठेवलं न्हाय.”

“ओंडके?”

“काढले. मॅडम येणार म्हणून.”

मॅडमनी महनूरच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघी विहिरीकडे गेल्या. दुपारपर्यंत त्यांनी प्रत्येक बुंधा, प्रत्येक सांदीतला पाचोळा उलटून पाहिला. मग पडीतही जाऊन आल्या. ओंडके तिथे महिनाभर भरतीच्या खाऱ्या पाण्यात आणि मधल्या उघडिपीच्या उन्हात पडले होते, त्यांच्यावर काही उरलं नव्हतं. नजमुद्दीन मागे मागे हिंडत होता. त्याला अजून कळलं नव्हतं काय चुकलं. कळायला वेळ लागला याचं कारण महनूर त्याला सांगत नव्हती. शेवटी मॅडमनीच सांगितलं, तेही हळू आवाजात.

“काका, तांब्याने ते मरतं. मोरचुदात तांबं असतं.”

नजमुद्दीन विहिरीच्या कठड्यावर बसला. “सगळं?”

“इथलं तरी सगळं दिसतंय.”

“शेजारच्या वाडीतलं चालंल काय? अल्पेशच्या वाडीत ओंडके हायत, मी आत्ता जाऊन—”

“दुसरीकडचं ते दुसरं होईल, अब्बा,” महनूर म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला जास्त लागलं. “इथलंच हवं होतं.”

“तू म्हणालीस, काही करू नका.”

“म्हणाले होते.”

“मला वाटलं, म्हणायचं म्हणून म्हणालीस.”

मॅडमना हसू आलं असावं, कारण त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. त्या म्हणाल्या, प्रबंध थांबणार नाही, बाकीची दोन प्रकरणं भक्कम आहेत, तेवढ्यावर पदवी मिळेल. हे प्रकरण काढू. महनूरने मान हलवली. नजमुद्दीनने आयुष्यात पुष्कळ परांच्या उतरवल्या होत्या, पण इमारत पुरी होण्याआधी उतरवलेली एकही त्याला आठवेना.

मॅडमची मुक्कामाची सोय घरातच होती. संध्याकाळी पाऊस पडत राहिला. अख्तरुन्निसा रिकाम्या हाताने पाहुण्याला लावून देणारी नव्हती. सोडे, नारळ, घरची सुपारी असं बांधून द्यायचं तिने ठरवलं होतं, आणि बांधायला प्लास्टिक चालणार नव्हतंच. तिने आढ्याला बांधलेल्या, निकाहच्या उरलेल्या विऱ्या सोडल्या, घंगाळात बुडवल्या, झोपण्याआधी बाहेर काढून पडवीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात निथळायला उभ्या केल्या. हे सगळं करताना तिची नवऱ्याशी एकतर्फी बोलणी चालू होती.

“नवरीसारखी वाडी. नवरीला कधी कुणी मोरचूद लावतं?”

“बस गो आता.”

“पोर कळवळून सांगते काही करू नका. बरं, तुम्हाला नाही कळलं. कृष्णाला तरी कळायला नको? दोघं एकाच साच्यातले.”

नजमुद्दीन जेवला नाही.

सकाळी फजरच्या नमाजला उठला तेव्हा उजाडू लागलं होतं. वजूला पाणी घ्यायला तो मागच्या पडवीत गेला. पिंपातून लोटा भरून घेतला आणि तसाच राहिला. भिंतीशी उभ्या केलेल्या विऱ्यांपैकी एकीच्या आतल्या अंगावर पिवळं होतं. आधी त्याला वाटलं हळदीचा हात लागला असेल. मग त्याने चष्मा पुसून घातला. पिवळ्याला शिरा होत्या. शिरा पंख्यासारख्या पसरत वर जात होत्या, आणि त्यांच्या मुळाशी विरीला चिकटलेली सुकी, तांबूस खपली होती, तीच खपली आता कडेने ओली होऊन सुटत होती.

त्याने हात लावला नाही. या वेळी त्याने काहीच केलं नाही. वजूसाठी घेतलेलं पाणीसुद्धा परत ओतलं नाही, न जाणो कुठे शिंतोडा उडायचा. लोटा हातात धरून तो तिथूनच हाका मारू लागला.

“महनूर. ए महनूर. बाहेर ये, आणि पाय जपून टाक.”

महनूर आली, तिच्यामागून मॅडम आल्या, डोळे चोळत. महनूर विरीसमोर खाली बसली.

“मॅडम, खपली धरलीय,” ती म्हणाली. “आता उठतंय.”

“सावलीत सावकाश वाळलं तर खपली धरून झोपून राहतं,” मॅडम म्हणाल्या. “भरभर वाळलं तर मरतं. पण हे इथे कुणी वाळवलं?”

“मी,” अख्तरुन्निसा दारातून म्हणाली. “विरी वाळवली. ते पिवळं मी बघितलं न्हाय, नाहीतर घासून काढलं असतं. चांगल्या विरीवर घाण.”

“कुठली विरी, चाची?” मॅडमनी विचारलं. त्यांचा आवाज आता प्रोफेसरचा झाला होता. “नक्की जागा सांगता येईल? बाहेरची तर नाही?”

“माझ्या घरात दुसऱ्याच्या वाडीतली विरी येत न्हाय.”

“तसं नव्हे, वाडीतली कुठली जागा?”

“एवढी रुंद विरी जुन्या पोफळीचीच असते. वादळात वाचल्या त्या सगळ्या विहिरीजवळ. नव्या रोपांची विरी बघा, त्यात माझ्या हाताचा पंजासुद्धा मावायचा न्हाय.” ती नवऱ्याकडे वळली. “ओंडक्यांवर पडलेल्या असायच्या. आमचे हे, ओंडके सोडून सगळीकडं बघत असतात.”

मॅडमनी एक रुंद विरी आणि वाडीतल्या नव्या रोपाची एक विरी शेजारी ठेवून फोटो घेतला. मग विरीचा, खपलीचा, पडवीचा, अख्तरुन्निसाचा घेतला. अख्तरुन्निसाने आधी ओढणी सारखी केली आणि मगच घेऊ दिला. महनूरने जंतुविरहित पात्याने पिवळ्याचा तुकडा काढून बशीत ठेवला, मॅडमनी झाकणावर सही केली. नजमुद्दीन हे सगळं लोटा धरूनच बघत होता.

“अब्बा, लोटा ठेवा,” महनूर म्हणाली. “नमाज राहिलीय तुमची.”

तो नमाजला उभा राहिला. पण त्या दिवशी त्याने दुवा कशाची मागितली ते घरात कुणाला विचारावं लागलं नाही.

पुण्यात पुढे काय झालं ते महनूर फोनवर सांगत गेली आणि नजमुद्दीन ते मशिदीच्या ओट्यावर, चहाच्या टपरीवर, कृष्णाजी वर चढलेला असेल तर त्याच्या पोफळीखाली सांगत गेला. पिवळं पोसून मोठं केलं, मग उपाशी ठेवून उजेडात ठेवलं, तेव्हा त्याने बिया धरल्या. बियांतून सुट्या पेशी निघाल्या. त्यातली एकच पेशी वेगळी काढून तिच्या एकटीपासून वंश वाढवला, म्हणजे पिवळं मिसळल्याचं कुणाला म्हणता येऊ नये. दर पायरीला मॅडमच्या प्रयोगशाळेतला दुसरा एक माणूस हजर असायचा.

“एका पेशीपासून?” कृष्णाजी म्हणाला. “आणि मग?”

“मग बघायचं, सुटी असताना कुठलं जनुक जागं हाय.”

“आणि झोपलेलं निघालं तर?”

“तर त्यांचं खरं. पोरीचं प्रकरण गेलं.”

“आणि त्याला कारण कोण?”

“वर बघ, हात सुटंल,” नजमुद्दीन म्हणाला.

पण थट्टा तेवढ्यावरच राहिली. त्या हिवाळ्यात कृष्णाजीने बडबडीची तक्रार केली नाही, आणि नजमुद्दीनच्या लक्षात आलं की फोन वाजला की तोही झाडावर थांबतो.

फोन चोवीस सालच्या मार्चमध्ये आला, रमजानात, इफ्तारच्या थोडं आधी. अख्तरुन्निसा भजी तळत होती. महनूर म्हणाली, तेच दिसलं. सुटी असताना, एकटी असताना, पिवळ्या आयुष्याचं बीटा जनुक जागं. तीन वेळा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच. ज्यांनी शंका घेतली होती त्यांनी आता लिहून मान्य केलंय.

“पाइप आधीच आलेत,” नजमुद्दीन म्हणाला.

“आधीच आलेत, अब्बा.”

त्याने फोन अख्तरुन्निसाच्या कानाला लावला, तिचे हात बेसनाचे होते. ती ऐकून घेऊन म्हणाली, “बरं झालं. आता रोजा वेळेवर सोड, खजूर हाय ना जवळ?” मग भजीचा घाणा काढून चूल बारीक केली आणि ओढणीने डोळे पुसले, धूर नसताना.

प्रबंध जमा झाला आणि शेवटची तोंडी परीक्षा डिसेंबरात लागली. ती उघडी असते, कुणीही बसू शकतं, हे कळल्यावर नजमुद्दीनने कृष्णाजीलाही बरोबर घेतलं. एसटीने तिघं पुण्याला गेली. अख्तरुन्निसाने नवी ओढणी घेतली होती, कृष्णाजीने निळ्या काठाचा रुमाल खांद्यावर टाकला होता. सभागृहात ते शेवटच्या रांगेत बसले. पडद्यावर पहिलंच चित्र आलं ते विहिरीजवळच्या पोफळींचं, आणि दुसरं एका रुंद विरीचं.

महनूर बोलत होती इंग्रजीत. नजमुद्दीनला कुवेतचं कामापुरतं इंग्रजी येत होतं, त्यातलं निम्मं कळलं, निम्मं त्याने चित्रांवरून घेतलं. नळ्या हिरव्या चमकत होत्या. काही उभारल्या जात होत्या, काही एका टोकाने सुटत होत्या. तो कृष्णाजीच्या कानाशी लागून सांगत होता, हे बघ, उतरवतात कशी. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने वळून पाहिलं तेव्हा तो गप्प बसला.

शेवटी बाहेरून आलेल्या परीक्षकाने विचारलं, पेशी सुटी असताना पुढच्या आयुष्याचं जनुक जागं होतं याचा अर्थ तुम्ही काय लावता? महनूरने मराठीत सांगायची परवानगी मागितली. परीक्षक मराठीच होते, हो म्हणाले.

“माझे अब्बा परांचीचे मुकादम होते,” ती म्हणाली. “ते म्हणतात, पुढच्या साइटला काम चालू झाल्यावर पाइप मागवायचे नसतात, आधीच मागवून ठेवायचे असतात. ही जात वादळानंतरच्या वाडीतली आहे. तिथे कोरडं आणि ओलं पटापट बदलतं. आधीच तयारी ठेवणाऱ्या पेशी तिथे टिकल्या असाव्यात. हे अजून सिद्ध झालेलं नाही. पण पुढे मला हेच तपासायचंय.”

परीक्षक म्हणाले, “अब्बा आलेत का?”

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. कृष्णाजीने नजमुद्दीनला कोपराने ढोसलं. नजमुद्दीन उभा राहिला. काय करावं ते न सुचून त्याने कुवेतला साइट इंजिनिअरसमोर धरायचा तसा हात छातीशी धरला. टाळ्या पडल्या. तो बसेपर्यंत पडत होत्या, आणि तो लवकर बसला नाही.

प्रबंधात त्या जातीला महनूरने नाव दिलं आहे, अख्तर-एक. नजमुद्दीनने विचारलं, माझं का नाही? ती म्हणाली, “तुम्ही मोरचूद मारलंत.” हे तो श्रीवर्धनात स्वतःच सगळ्यांना सांगत फिरला, हसत हसत, आणि सांगून झाल्यावर न चुकता म्हणायचा, “पण परांची माझीच.” मशिदीच्या ओट्यावर ते ऐकून लोक कंटाळले नाहीत असं नाही. पण कुणी त्याला थांबवलं नाही.

नजमुद्दीन दोन हजार पंचवीस सालच्या फेब्रुवारीत, नऊ तारखेला, रविवारी सकाळी श्रीवर्धनात आपल्या घरी हृदय बंद पडून वारला. कृष्णाजी त्याच्या जनाज्याबरोबर कब्रस्तानापर्यंत गेला.